लायसन्स मिळालं, गाडी येते का?

लाचेवर संशोधन करायचं कसं? विचारलं तर खरं कोण सांगणार! मारियान बर्ट्रांड, सिमियन जांकोव, रेमा हॅना आणि सेंधिल मुल्लैनाथन या चौघांनी दिल्लीत ८२२ लायसन्स-इच्छुकांचा माग काढला. काहींना ३२ दिवसांत लायसन्स मिळवल्यास २,००० रुपये बक्षीस, काहींना ड्रायव्हिंगचे मोफत धडे, उरलेल्यांना काहीच नाही. बक्षीसवाल्यांना लायसन्स अधिक प्रमाणात आणि लवकर मिळालं. मग संशोधकांनी स्वतंत्र चाचणी घेतली, तेव्हा लायसन्सधारकांपैकी अनेकांना गाडीच येत नव्हती. दुसरीकडे, गाडी शिकलेल्यांचाही लायसन्स काढून देणाऱ्या एजंटचा खर्च फारसा टळला नाही.

साहेबाच्या हातावर थेट पैसे ठेवणारे विरळाच. सगळा व्यवहार एजंटमार्फत. संशोधकांनी पाठवलेले प्रशिक्षित नट गिऱ्हाईक बनून एजंटांकडे गेले. ‘गाडी येत नाही’ म्हटलं तर एजंट बिनधास्त, पत्त्याचा पुरावा नाही म्हटलं की मात्र बरेच मागे सरत. म्हणजे कागद तपासला जाई, हात नाही! या संशोधनाचा निबंध २००७ साली ‘क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स’मध्ये आला. ‘लाच म्हणजे कामाला वंगण’ म्हणणाऱ्यांनी तो जरूर वाचावा. इथे वेग वाढला, पण गाडी न येणारे ड्रायव्हर रस्त्यावर आले.