चूक येते कोठून?

गणिताचे उत्तर चुकले, की आपण ते चटकन रबराने पुसून टाकतो. ‘आपल्याला गणित येतच नाही,’ असेही मनात येऊन जाते. परंतु मुलांनो, पुसण्यापूर्वी त्या चुकीकडे क्षणभर नीट पाहावे. पुष्कळदा ती निष्काळजीपणामुळे झालेली नसते. तिच्यामागे काही विचार असतो.

५२ मधून ३७ वजा करावयाचे आहेत. अनेक मुले उत्तर लिहितात २५. हे कसे आले? एककाच्या घरात २ मधून ७ जात नाहीत. म्हणून ती ७ मधूनच २ वजा करतात. ‘मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करावी,’ असे ती लहानपणी शिकलेली असतात. तो नियम पूर्ण संख्यांविषयी होता. मुलांनी तो सुट्या अंकांना लावला! एक दशक मोडून घेतला, तर १२ मधून ७ जाऊन ५ उरतात, ४ दशकांतून ३ जाऊन १ उरतो आणि उत्तर १५ येते.

आता सांगा, ०.२५ मोठे की ०.५? ‘०.२५’ असे कित्येक जण म्हणतील. कारण ५ पेक्षा २५ मोठे. पण ०.५ मीटर फीत म्हणजे ५० सेंटिमीटर आणि ०.२५ मीटर म्हणजे २५ सेंटिमीटर. दोन्ही फिती शेजारी ठेवा, म्हणजे भ्रम दूर होईल. तसेच, ‘गुणाकाराने संख्या वाढते’ हेही नेहमी खरे नसते. ८ ला अर्ध्याने गुणले, तर ४ च येतात. जुन्या निमकीच्या पाढ्यात हेच तर होते!

या तिन्ही चुकांचे मूळ एकच आहे. एका ठिकाणी खरा ठरलेला नियम आपण न तपासता दुसऱ्या ठिकाणी नेतो.

थोरांचीही चूक होते. इ. स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्तांनी आपल्या ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ या ग्रंथात शून्यासह बेरीज, वजाबाकी व गुणाकार कसे करावेत, हे सांगितले. ते नियम आजही चालतात. मात्र शून्याला शून्याने भागल्यास शून्य येते, असेही त्यांनी लिहिले. आजचे गणित ते मानत नाही. कारण कोणत्याही संख्येला शून्याने गुणले तरी शून्यच येते, त्यामुळे त्या भागाकाराचे एकच असे उत्तर ठरवता येत नाही. म्हणून ब्रह्मगुप्तांचे थोरपण काही उणे होत नाही.

तेव्हा उत्तर चुकले म्हणून खचून जाऊ नका. प्रथम ताळा पाहा. २५ मध्ये ३७ मिळवले, तर ६२ होतात, ५२ नव्हेत. चूक तेथेच उघडी पडते. मग स्वतःला विचारा, ‘मी कोणता नियम वापरला? तो येथे लागू पडतो का?’ ज्याला आपल्या चुकीचे कारण सापडले, त्याला ते गणित खरोखर समजले.