दीर्घकालीन साहस भांडवल

दीर्घकालीन साहस भांडवल ही नवोद्योगांत भांडवल गुंतवण्याची एक पद्धत आहे. या पद्धतीत गुंतवणूक संस्था मोजक्याच कंपन्या निवडते, त्यांत तुलनेने मोठी रक्कम घालते आणि आपला हिस्सा दहा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ स्वतःकडे ठेवते. बँकेच्या कर्जाला तारण आणि ठरलेले हप्ते असतात. साहस भांडवलात यांपैकी काहीच नसते. पैसा समभागांच्या रूपाने दिला जातो. कंपनी बुडाली तर तो परत येत नाही आणि वाढली तर वाढीतला वाटा मिळतो.

संकल्पना

साहस भांडवलातील परतावा समप्रमाणात विभागलेला नसतो. बहुतेक गुंतवणुकी बुडतात किंवा जेमतेम मुद्दल परत देतात आणि एखाद-दुसरी कंपनी संपूर्ण निधीचा परतावा ठरवते. समजा, एका निधीकडे गुंतवण्याजोगे १०० कोटी रुपये आहेत. ते ५० कंपन्यांत प्रत्येकी २ कोटी असे विभागले आणि एक कंपनी पन्नास पटींनी वाढली, तर तिच्यापासून १०० कोटी मिळतात, म्हणजे फक्त मुद्दल भरून निघते. तेच पैसे दहा कंपन्यांत प्रत्येकी १० कोटी असे घातले आणि ती कंपनी त्या दहांत असली, तर ५०० कोटी मिळतात. मात्र पन्नासांऐवजी दहाच कंपन्या निवडल्याने ती नेमकी कंपनी हातून निसटण्याची शक्यताही वाढते. त्यामुळे या पद्धतीचे यश निवडीच्या अचूकतेवर अवलंबून असते.

दुसरा घटक काळाचा आहे. पाच वर्षांत तिप्पट झालेली रक्कम वर्षाला सुमारे २५ टक्के दराने वाढलेली असते, तर बारा वर्षांत दसपट झालेली रक्कम सुमारे २१ टक्के दराने. वार्षिक दर पाहणाऱ्याला पहिला व्यवहार सरस वाटतो. हाती आलेली एकूण रक्कम पाहणाऱ्याला दुसरा. कंपनी पाचव्या वर्षी विकावी की ठेवावी, हा वाद बहुधा या दोन मोजमापांमधला असतो.

संस्थेची रचना

साहस भांडवल निधीत पैसा पुरवणारे गुंतवणूकदार आणि तो गुंतवणारे व्यवस्थापक वेगवेगळे असतात. प्रचलित प्रथेनुसार निधीचा कार्यकाल सुमारे दहा वर्षांचा असतो. व्यवस्थापकांना वर्षाला सुमारे २ टक्के शुल्क आणि नफ्यात सुमारे २० टक्के वाटा मिळतो. मुदत संपत आली की हिस्से विकून पैसे परत करावे लागतात, मग कंपनी वाढीच्या ऐन टप्प्यात असली तरीही.

दीर्घकालीन संस्था यावर काही उपाय योजतात. निधीचा मोठा भाग पुढील फेऱ्यांसाठी राखून ठेवणे हा त्यांतील प्रमुख उपाय होय. एखाद्या संस्थेचा कंपनीत २० टक्के हिस्सा असेल आणि पुढील चार फेऱ्यांत प्रत्येक वेळी तो एक पंचमांशाने घटला, तर शेवटी सुमारे ८ टक्केच उरतो. तो टिकवायचा असेल तर प्रत्येक फेरीत नवे पैसे घालावे लागतात. याखेरीज मुदत नसलेला निधी उभारणे किंवा स्वतःच्या ताळेबंदातून गुंतवणूक करणे हेही मार्ग आहेत. नोएडा येथील इन्फो एज या कंपनीने २०१० मध्ये झोमॅटोत ४.७ कोटी रुपये प्रथम गुंतवले, ते स्वतःच्या पैशांतून. झोमॅटोच्या समभागांची बाजारात नोंदणी जुलै २०२१ मध्ये झाली.

इतिहास

आधुनिक साहस भांडवलाचा आरंभ अमेरिकन रिसर्च अँड डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन या १९४६ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेपासून मानला जातो. जॉर्जेस डोरियो यांच्या नेतृत्वाखालील या संस्थेने १९५७ मध्ये डिजिटल इक्विपमेंट या संगणक कंपनीत ७०,००० डॉलर घालून सुमारे ७० टक्के हिस्सा घेतला. पुढे या हिस्स्याचे मूल्य ३५ कोटी डॉलरहून अधिक झाले. ही संस्था स्वतः बाजारात नोंदणीकृत होती. ठरावीक मुदतीत निधी बंद करण्याचे बंधन तिच्यावर नसल्यामुळे ती इतका काळ थांबू शकली.

भारतात आयसीआयसीआय आणि युनिट ट्रस्ट ऑफ इंडिया यांनी १९८८ मध्ये टेक्नॉलॉजी डेव्हलपमेंट अँड इन्फर्मेशन कंपनी ऑफ इंडिया ही संस्था स्थापन केली. मुंबईच्या मॅस्टेक या सॉफ्टवेअर कंपनीला तिने भांडवल पुरवले. सेबीने साहस भांडवल निधींसाठी १९९६ मध्ये आणि पर्यायी गुंतवणूक निधींसाठी २०१२ मध्ये नियम केले.

महाराष्ट्रातील उदाहरणे

साहस भांडवल हा शब्द रूढ होण्यापूर्वीही अशा धीराच्या पैशाची उदाहरणे आढळतात. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांना १९१० मध्ये बेळगाव सोडावे लागले, तेव्हा औंध संस्थानाच्या अधिपतींनी त्यांना कुंडलजवळ जागा आणि बिनव्याजी कर्ज दिले. तेथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. पनवेल येथे पुराणिक कुटुंबाने १८७२ मध्ये सुरू केलेला श्री धूतपापेश्वर हा आयुर्वेदिक औषधनिर्मितीचा उद्योग दीर्घकालीन कौटुंबिक मालकीचा नमुना आहे. अशा मालकीत बाहेरच्या निधीची मुदत आड येत नाही. मात्र वाढीचा वेग कुटुंबाजवळच्या भांडवलावर अवलंबून राहतो.

पुण्यात १९९० मध्ये स्थापन झालेल्या पर्सिस्टंट सिस्टीम्सचे समभाग २०१० मध्ये बाजारात आले. मुंबईतील आविष्कार ही २००१ मध्ये विनीत राय यांनी स्थापन केलेली संस्था ग्रामीण आणि अल्प उत्पन्न गटांना सेवा देणाऱ्या उद्योगांत गुंतवणूक करते. अशा उद्योगांत ग्राहक घडवायलाच वर्षे लागत असल्याने संयम ही तेथे व्यवहाराची अट ठरते. तिच्या समूहातील आविष्कार गुडवेल या निधीने सूर्योदय या सूक्ष्मवित्त संस्थेत गुंतवणूक केली होती. नवी मुंबईतील बेलापूर येथे मुख्यालय असलेली ही संस्था जानेवारी २०१७ मध्ये लघु वित्त बँक झाली आणि मार्च २०२१ मध्ये तिचे समभाग बाजारात नोंदले गेले.

नियमांची चौकट

सेबीच्या २०१२ च्या नियमांनुसार साहस भांडवल निधी पहिल्या श्रेणीत मोडतात. सर्वसाधारणपणे प्रत्येक योजनेत किमान २० कोटी रुपये असावे लागतात आणि एका गुंतवणूकदाराला किमान १ कोटी रुपये गुंतवावे लागतात. हे निधी मुदतबंद असतात. मूल्यानुसार दोन तृतीयांश गुंतवणूकदारांच्या संमतीने मुदत दोन वर्षांपर्यंत वाढवता येते. एकाच कंपनीत गुंतवण्याजोग्या रकमेच्या २५ टक्क्यांहून अधिक घालता येत नाहीत. व्यवस्थापक किंवा प्रायोजकाला निधीच्या २.५ टक्के किंवा ५ कोटी रुपये, यांपैकी कमी असलेली रक्कम स्वतः गुंतवावी लागते. थोडक्यात, एकाच कंपनीवर किती विसंबायचे आणि किती काळ थांबायचे, या दोन्हींना कायद्याची मर्यादा आहे.

टीका

निवडीवरील ठाम विश्वास आणि चूक मान्य न करण्याचा हट्ट यांतील फरक बाहेरून ओळखणे कठीण असते, हा या पद्धतीवरील मुख्य आक्षेप होय. बुडत्या कंपनीत पुन्हा पैसे घालतानाही दीर्घ मुदतीचे कारण देता येते. कंपनी नोंदणीकृत नसेपर्यंत तिचे मूल्य अंदाजावर ठरते. त्यामुळे निवृत्तिवेतन निधीसारख्या मूळ गुंतवणूकदारांना आपल्या पैशाची खरी स्थिती उशिरा कळते. यासाठी काही संस्था गुंतवणुकीच्या वेळी तिची कारणे लिहून ठेवतात आणि ती कारणे उरली नाहीत तर पुढील फेरीत भाग घेत नाहीत.