पटकीचा जंतू आणि त्याच्या विषाचा अंमल

पंढरीच्या वारीबरोबर पटकीची साथ गावोगाव पसरत असे आणि मरीआईचा कोप शमावा म्हणून तिचा गाडा वाजतगाजत शिवेबाहेर नेऊन सोडला जात असे, तो काळ काही फार प्राचीन नव्हे. पुढे १८८४ साली रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यात या रोगाचा स्वल्पविरामाच्या आकाराचा जंतू शुद्ध स्वरूपात वेगळा केला आणि देवीच्या जागी जंतू आला. परंतु कोपाची कल्पना मात्र सुशिक्षितांच्या मनातूनही पूर्णपणे गेली असे म्हणवत नाही. हा जंतू स्वभावतःच दुष्ट असून जेथे असेल तेथे अहोरात्र विष ओकीत असतो, हा समज त्या जुन्या कल्पनेचाच अवशेष होय.

वस्तुस्थिती निराळी आहे. या जंतूचे मूळ वसतिस्थान म्हणजे नदीमुखे, खाड्या आणि तेथील मचूळ पाणी. तेथे तो सूक्ष्म कवचधारी जलचरांच्या अंगाला चिकटून, त्यांच्या कवचातील कायटिनवर उपजीविका करीत निरुपद्रवीपणे राहतो. त्याचे दोनशेहून अधिक गट ज्ञात आहेत, आणि मोठ्या साथींचे पातक त्यांपैकी ओ-१ आणि ओ-१३९ या दोघांच्याच माथी आहे. शंभुनाथ डे यांनी १९५९ साली कलकत्त्यातच, जंतू गाळून काढलेल्या द्रवाने सशाच्या आतड्यात पाणी साचते हे दाखवून, अनर्थाचे मूळ जंतूने बाहेर टाकलेल्या विषात आहे हे सिद्ध केले. पण त्या विषाचे जनुकदेखील जंतूचे वडिलोपार्जित नव्हे. ते एका जीवाणुभक्षक विषाणूने त्याच्या जनुकसंचात आणून बसविले, असे वॉल्डर आणि मेकॅलॅनॉस यांनी १९९६ साली दाखविले. विशेष असे की, ज्या केसासारख्या तंतूंच्या बळावर जंतू आतड्यात ठाण मांडतो, तेच तंतू या विषाणूला आत शिरण्याचे द्वार होतात.

आता मुख्य मुद्दा. विष घडविणे हे जंतूच्या दृष्टीने खर्चाचे काम असून खाडीच्या पाण्यात त्याचा उपयोग शून्य. म्हणून हे जनुक एरवी निद्रिस्त असते आणि त्याला जागे करण्याचा अधिकार एकाच्या हाती नसून, जुन्या सरकारी कचेरीत हुकूम जसा वरून खाली फिरत असे तसा तो पायरीपायरीने खाली येतो. जंतूच्या आतल्या पटलात टॉक्स-आर आणि टीसीपी-पी ही दोन प्रथिने आपापल्या साहाय्यकांसह बसलेली असतात. त्या दोघांनी मिळून टॉक्स-टी या तिसऱ्या प्रथिनाच्या निर्मितीला चालना दिली, म्हणजे ते विषाचे आणि चिकटण्याच्या तंतूंचे जनुक एकदमच कामास लावते. परंतु टॉक्स-टी तयार झाले तरी अंमलबजावणी लगेच होतेच असे नाही, कारण आतड्याच्या पोकळीतील पित्तात असणारी असंतृप्त मेदाम्ले त्याला जखडून ठेवतात, तर आतड्याच्या अस्तरातून स्रवणारे बायकार्बोनेट त्याचे सामर्थ्य वाढविते; त्यामुळे जंतू पोकळीतून श्लेष्माच्या थरात शिरून अस्तराजवळ पोहोचेपर्यंत हुकूम बहुधा तहकूबच राहतो.

मनुष्यदेहाची ऊब लागताच जंतू चवताळतो, हा दुसरा समज. प्लेगच्या जंतूच्या बाबतीत तो बराचसा खरा आहे, कारण पिसवेच्या थंड शरीरातून ३७ अंशांच्या देहात येताच त्याची आक्रमणाची अनेक शस्त्रे कार्यान्वित होतात. पटकीच्या जंतूचे तसे नाही. त्याच्या अभिजात वाणाचे विष प्रयोगशाळेत मिळवावयाचे तर ३० अंश तापमान आणि किंचित आम्लधर्मी द्रावण लागते, ३७ अंशांवर ते नाममात्रच मिळते, आणि आतड्यात तर तेच जनुक ३७ अंशांवर बिनतक्रार चालते! काचनळीतील नियम देहाला जसाच्या तसा लागू करणे किती धोक्याचे असते, याचे इतके बोलके उदाहरण विरळाच.

जंतू जितके अधिक तितके विष अधिक, हा तिसरा समज तर व्यवहाराला धरून असल्यासारखा वाटतो. जंतू परस्परांची संख्या संदेशरेणूंवरून अजमावतात हे खरे, आणि कित्येक जातींत गर्दी झाल्यावरच मारा सुरू होतो हेही खरे. पण पटकीचा जंतू नेमका उलट वागतो. संख्या तुरळक असते तोवर तो विष आणि तंतू घडवितो. गर्दी वाढली की हॅप-आर नावाचे प्रथिन वरच्याच पायरीवर हुकूम रोखते आणि अस्तरापासून सुटण्यास मदत करणारे विकर बाहेर पडते, म्हणजे जुलाबाच्या लोंढ्याबरोबर नव्या पाण्याकडे प्रस्थान. (१९६१ पासून चाललेल्या सातव्या जागतिक साथीच्या ज्या वाणाचा जनुकसंच २००० साली प्रथम संपूर्ण वाचला गेला, त्यात हे हॅप-आर निकामी निघाले, तेव्हा हा नियमही निरपवाद नव्हे.)

जंतू मारला की रोग संपला, असे मानणाऱ्यांनी या क्रमातील अखेरचा टप्पा ध्यानात घ्यावा. एकदा घडलेले विष आतड्याच्या पेशीत शिरले, की त्याला जंतूच्या आज्ञेची गरज उरत नाही. ते पेशीतील एक संदेशयंत्रणा सतत चालू ठेवते आणि क्षार व त्यांच्यामागून पाणी बाहेर वाहू लागते, ते तीव्र आजारात तासाला एक लिटरपर्यंतही. म्हणून प्रतिजैविकांनी आजाराची मुदत कमी होत असली, तरी प्राण वाचवितो तो पाण्याचा व क्षारांचा भरणा. साखरेच्या सोबतीने सोडियम शोषून घेण्याची आतड्याची वाट या विषाने बंद होत नाही. दिलीप महालनबीस यांनी १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत, शिरेतून द्यावयाचे सलाइन अपुरे पडू लागल्यावर, मीठ आणि साखर घातलेले पाणी पिंपांतून वाटले, तेव्हा सुमारे ३० टक्क्यांवर असलेले मृत्यूचे प्रमाण ४ टक्क्यांच्याही खाली आले.