नावेच्या रंगात माती? होय, पण विचारून घ्या!

नाखवा मंडळी, १ जून ते ३१ जुलैच्या बंदीत नावा वर ओढल्या की आपण तळ खरवडतो, रंग काढतो. फायबरच्या तळाला फोड दिसले की पोटात गोळा येतो. पाणी आत मुरलंय, म्हणजे खर्च आलाच.

यावर एक उपाय चक्क मातीत आहे. हैदराबादला तारनाक्यात भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्था आहे, १९४४ सालची. पॉलिमर आणि संरक्षक लेप हे तिथल्या संशोधनाचे विषय. अशा लेपांच्या रेझिनमध्ये बेंटोनाइटची चिकणमाती मिसळतात. कच्छमध्ये ती भरपूर मिळते. तिचा एक पापुद्रा १ नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. शेकडा पाचपेक्षा कमी माती पुरते. पापुद्रे सुटे होऊन नीट पसरले की माशाच्या खवल्यांसारखी आड होते. पाण्याला वळसे घेत आत जावं लागतं.

पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. ही माती मुळात पाणी ओढते. रसायन लावून तिचा पृष्ठभाग बदलावा लागतो, नाहीतर गुठळ्या होतात आणि लेप उलट कमजोर पडतो. दुसरं, हा लेप पाण्याला अडवतो. शेवाळ, कालवं अडतीलच असं नाही. त्याला अँटीफाउलिंग रंग वेगळा.

म्हणून डब्यावर ‘नॅनो’ दिसलं की लगेच पैसे मोजू नका. खाऱ्या पाण्यात किती दिवस तपासलंय, त्याचा रिपोर्ट मागा. आधी फायबरच्या तुकड्याला लावून धक्क्यावर पाण्यात टांगून बघा. काय दिसलं ते सोसायटीत येऊन सांगा, आपण सगळ्यांना कळवू.