राजीनामा... तोही सुरात!

जॉब सोडायचाय, पण बॉसला सांगायचं कसं? मेल टाकावा, केबिनमध्ये जाऊन बोलावं की सरळ भांडूनच निघावं? डॉली पार्टननं चौथा मार्ग शोधला. तिनं गाणं लिहिलं. ‘आय विल ऑलवेज लव्ह यू’. हो, तेच! ‘द बॉडीगार्ड’मधलं, व्हिटनी ह्यूस्टनचं म्हणून आपण कॉलेजात ऐकलेलं. मुळात ते प्रियकरासाठी नव्हतंच. होतं बॉससाठी.

हा बॉस म्हणजे पोर्टर वॅगनर. चमचमते खडे जडवलेले सूट घालणारा नॅशव्हिलचा कंट्री स्टार. १९६०पासून त्याचा स्वतःचा टीव्ही शो होता. १९६७मध्ये शोमधली लाडकी गायिका नॉर्मा जीन गेली आणि तिच्या जागी आली २१ वर्षांची डॉली. प्रेक्षक भडकले. डॉली स्टेजवर आली की ‘नॉर्मा जीन कुठाय?’ म्हणून ओरडायचे. मग पोर्टरनं डोकं लढवलं. तो तिच्यासोबत गायला लागला. आपला माणूस हिच्याबरोबर गातोय म्हटल्यावर पब्लिकनंही तिला आपलं मानलं.

जोडी जमली!

पोर्टरच्याच शब्दावर आरसीए कंपनीनं डॉलीला साइन केलं. दोघांचं पहिलं ड्युएट होतं टॉम पॅक्सटनचं ‘द लास्ट थिंग ऑन माय माइंड’. ते थेट कंट्रीच्या टॉप टेनमध्ये गेलं. त्याचा आवाज जाड, गप्पा मारल्यासारखा. तिचा बारीक, थरथरता, पण वर चढला की थेट काळजाला भिडणारा. गाण्यांत नवरा-बायकोची भांडणं, रुसवे, कधी धर्मोपदेशक आजोबांची आठवण. १९६८मध्ये कंट्री म्युझिक असोसिएशनचं ‘व्होकल ग्रुप’चं अवॉर्ड मिळालं. १९७० आणि १९७१मध्ये ‘व्होकल ड्युओ’चं. एकूण अल्बम झाले तेरा.

पण शोवर नाव पोर्टरचं होतं आणि निर्णयही त्याचेच. डॉलीला स्वतःची गाणी, स्वतःचा बँड हवा होता. तिनं येतानाच पाच वर्षांची बोली केली होती. प्रत्यक्षात झाली सात! ‘मी जाते’ म्हटलं की भांडण ठरलेलं. दोघंही हट्टी. बोलून काही होत नाही म्हटल्यावर तिनं रात्री घरी बसून गाणं लिहिलं आणि सकाळी त्याच्या ऑफिसात जाऊन ऐकवलं. डॉली सांगते, पोर्टर रडला. म्हणाला, जा. पण या गाण्याचं रेकॉर्डिंग मी करणार!

१९७४मध्ये ती शोमधून बाहेर पडली. त्याच वर्षी हे गाणं कंट्री चार्टवर नंबर वन झालं. गंमत बघा, या जोडीचं एकमेव नंबर वन ड्युएट ‘प्लीज डोन्ट स्टॉप लव्हिंग मी’, तेही त्याच वर्षी आलं. जोडी फुटल्यावर!

गोड शेवट? इतक्यात नाही

१९७९मध्ये पोर्टरनं तिच्यावर दावा ठोकला. तिच्या कमाईत त्याला वाटा हवा होता. सुमारे ३० लाख डॉलर्सचा मामला! प्रकरण कोर्टाबाहेर मिटलं. १९८०मध्ये दोघांचा शेवटचा अल्बम आला आणि त्यातलं ‘मेकिंग प्लॅन्स’ दुसऱ्या नंबरपर्यंत पोचलं.

गाण्याचे हक्क मात्र डॉलीनं हातचे जाऊ दिले नाहीत. एल्विस प्रेस्लीला हे गाणं गायचं होतं, पण त्याच्या मॅनेजरनं अर्धे हक्क मागितले. डॉलीनं ‘नाही’ म्हटलं आणि रात्रभर रडली. १९९२मध्ये व्हिटनीनं ते गायलं आणि १४ आठवडे नंबर वनवर ठेवलं. रडणं वसूल झालं!

मे २००७. ग्रँड ओल ऑप्रीमध्ये पोर्टरच्या ५० वर्षांचा सोहळा होता. डॉली आली आणि तेच गाणं त्याच्यासमोर गायली. त्याच वर्षी २८ ऑक्टोबरला तो गेला. शेवटच्या दिवसांत ती त्याच्याजवळ होती.

नोकरी सोडली, कोर्टकचेरी झाली, तरी माणूस तुटला नाही. तुमच्या राजीनाम्याची कॉपी काढून बघा बरं. तुमच्या बॉसला ती पुन्हा ऐकावीशी वाटेल?