इशाऱ्याचा ताप आणि तापाचा इशारा

संगणकाचा पंखा अचानक जोरात फिरू लागला, की आत काहीतरी तापले आहे हे सामान्य वापरकर्त्यालाही समजते. मात्र पंख्याला ते कोणी सांगितले, हा प्रश्न सहसा कोणाला पडत नाही. मदरबोर्डवर बसवलेली नखाएवढी चिप तापमान मोजते, 'ड्रायव्हर' नावाची छोटी आज्ञावली तो आकडा वाचून ऑपरेटिंग सिस्टीमच्या हाती देते आणि अनेक यंत्रांमध्ये त्यावरूनच पंख्याचा वेग ठरतो. हा मधला दुवाच चुकीचा आकडा सांगू लागला तर? विशेष म्हणजे अशा चुकीची पूर्वसूचना बऱ्याचदा आधीच मिळालेली असते. ती देणारा असतो कम्पायलर.

प्रोग्रामरने लिहिलेल्या मजकुराचे यंत्राला समजेल अशा भाषेत रूपांतर करणे हे कम्पायलरचे काम. व्याकरणच चुकले असेल तर तो काम थांबवतो आणि 'एरर' दाखवतो. पण वाक्य व्याकरणशुद्ध असूनही अर्थाबद्दल शंका आली, तर तो रूपांतर पूर्ण करतो आणि सोबत 'वॉर्निंग' म्हणजे इशारा देतो. काम थांबत नसल्यामुळे या इशाऱ्यांकडे दुर्लक्ष करण्याचा मोह होतो. शेकडो इशारे साचले, की त्यातला महत्त्वाचा कोणता हे ओळखणेही अवघड होते.

तापमानाच्या ड्रायव्हरमध्ये काय घडू शकते, हे 'एलएम ७५' या प्रसिद्ध चिपच्या आधारे पाहता येईल. ही चिप उणे ५५ ते १२५ अंश सेल्सिअसपर्यंतचे तापमान अर्ध्या अंशाच्या टप्प्यांनी सांगते. तिचे उत्तर नऊ बिटांचे असते आणि ते सोळा बिटांच्या जागेत वरच्या बाजूला बसवलेले असते. म्हणजे ४७.५ अंशांसाठी ड्रायव्हरला १२१६० हा आकडा मिळतो. त्याला १२८ ने भागले की ९५ अर्धे अंश मिळतात. लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, अपूर्णांकी गणित टाळले जाते. त्यामुळे तापमान अंशाच्या हजाराव्या भागात सांगण्याचा प्रघात आहे. ९५ ला ५०० ने गुणून ड्रायव्हर ४७५०० असे उत्तर देतो.

हिशेब सोपा आहे. खरी अडचण चिपने उत्तरच दिले नाही तर येते. तार सैल झाली किंवा चिप बिघडली, तर वाचन करणारे फंक्शन तापमानाऐवजी एक ऋण आकडा परत करते. उदाहरणार्थ, वाचनात बिघाड झाल्याची खूण म्हणून उणे ५. शहाणा प्रोग्रामर त्यापुढे एक तपासणी लिहितो : आकडा शून्याहून कमी असेल, तर तापमान सांगू नये, बिघाड कळवावा.

आता समजा, हा आकडा साठवण्यासाठी केवळ धन संख्या राहतील अशी सोळा बिटांची जागा निवडली गेली. तेथे उणे ५ मावत नाही. त्याचे ६५५३१ होते. शून्याहून कमी असण्याची अट मग कधीच पुरी होत नाही. पुढच्या हिशेबात हेच सोळा बिट चिन्हासह वाचले जातात, त्याला १२८ ने भागले जाते आणि पूर्णांकी उत्तर येते शून्य. बिघडलेला सेन्सर शून्य अंश तापमान सांगू लागतो आणि त्यावर विसंबलेला पंखा निवांत राहतो.

कडक तपासणीचे पर्याय सुरू असतील, तर कम्पायलर नेमक्या याच ओळीवर बोट ठेवतो आणि ही तुलना नेहमीच असत्य ठरेल, असे सांगतो. येथे प्रोग्रामरसमोर दोन वाटा असतात. पहिली वाट म्हणजे निरुपयोगी ठरलेली तपासणी पुसून टाकणे. इशारा तात्काळ नाहीसा होतो. मात्र चूक कायम राहते आणि ती सापडण्याचा शेवटचा मागही पुसला जातो. दुसरी वाट म्हणजे आकडा ऋण संख्या सामावणाऱ्या जागेत साठवणे. हा बदलही एका शब्दाचाच. पण त्यामुळे मूळ तपासणी पुन्हा जिवंत होते. इशारा दोन्ही वेळा बंद होतो, दुरुस्ती एकदाच होते.

'किंमत न देताच वापर होऊ शकतो' हा दुसरा नेहमीचा इशारा. वाचन फसल्यास तापमानाच्या जागेत पूर्वीचा कचरा राहील, ही त्यामागची भीती. सुरुवातीलाच तेथे शून्य लिहून ठेवले की कम्पायलर गप्प बसतो. पण वाचन फसल्याचे कोणी पाहिले नाही, तर तेच शून्य तापमान म्हणून पुढे जाते. हा इशारा काही वेळा निराधारही असतो, हे खरे. म्हणूनच तो दडपण्याची एक खास सोय लिनक्सच्या कर्नलमध्ये होती. तिच्याआड खऱ्या चुकाही लपू शकतात, हे ओळखून २०२० साली ती काढून टाकण्यात आली.

इशारा समजून न घेता तो बंद करण्याची किंमत किती मोठी असू शकते, हे 'डेबियन' या लिनक्स वितरणाच्या प्रकरणातून दिसले. २००६ साली तपासणीच्या एका साधनाने 'ओपनएसएसएल' या सुरक्षा आज्ञावलीतील स्मृतीच्या वापराबद्दल इशारे दिले. ते थांबवण्यासाठी संबंधित मजकूर वगळण्यात आला. त्यामुळे गुप्त किल्ल्यांमधील यादृच्छिकता जवळपास संपली आणि एका प्रकारच्या यंत्रावर, ठराविक लांबीच्या किल्ल्यांसाठी जेमतेम ३२,७६७ शक्यता उरल्या. मे २००८ मध्ये हे उघड झाले आणि जगभरच्या प्रशासकांना किल्ल्या बदलाव्या लागल्या.

वर्षानुवर्षे कोणी हात न लावलेल्या ड्रायव्हरमध्येही नवे इशारे दिसतात. कारण कम्पायलर दर आवृत्तीगणिक अधिक चौकस होत जातो. २०१७ साली आलेल्या 'जीसीसी'च्या सातव्या आवृत्तीने मजकूर ठेवायला जागा अपुरी पडण्याबाबतचे इशारे सुरू केले. सप्टेंबर २०२१ मध्ये लिनस टॉरवल्ड्स यांनी प्रत्येक इशारा एरर मानण्याचा नियम लिनक्समध्ये मूलतः लागू केला. मात्र वेगवेगळी यंत्रे आणि वेगवेगळे कम्पायलर यांमुळे अनेक ठिकाणी काम अडले. त्यामुळे काही दिवसांतच ही सक्ती मूलतः चाचणीसाठीच्या बांधणीपुरती ठेवण्यात आली.

तेव्हा दुरुस्तीची रीत कोणती? आधी इशारा का आला ते समजून घ्यावे, मग लहानात लहान बदल करावा आणि त्याचे कारण नोंदवून ठेवावे. जुनी चिप हाताशी नसेल, तर लिनक्समधील 'आयटूसी-स्टब' या सोयीने नकली चिप उभी करून हिशेब तपासता येतो. उणे तापमानासाठी तर ही चाचणी अवश्य करावी. उणे २५ अंशांचा आकडा चिन्हाविना वाचला, तर तो थेट २३१ अंश होतो! चिपने उत्तरच न देण्याचा प्रसंगही वेगळा पडताळावा लागतो.

आधुनिक प्रोसेसर फार तापल्यास स्वतःच वेग कमी करतो आणि शेवटी बंद पडतो, हा एक दिलासा. पण मदरबोर्डवरच्या इतर भागांजवळील तापमानासाठी प्रशासकाला बहुधा याच ड्रायव्हरवर विसंबावे लागते. त्याच्या पडद्यावर 'बिघाड' असे आले, तर तो उठून यंत्र पाहील. शून्य अंश दिसले, तर कदाचित पाहणारही नाही. म्हणून इशारा थांबला, एवढ्यावर समाधान मानून चालत नाही. तो कशामुळे थांबला, हे सांगता आले पाहिजे.