स्मॅशच्या आधीचे तीन सेकंद

अंबडसारख्या तालुक्याच्या गावी आता व्हॉलीबॉलचा सामना संपतो त्याच संध्याकाळी रील तयार असते. पाच-सहा दणदणीत स्मॅश, प्रत्येक फटका स्लो मोशनमध्ये आणि मागे कानठळ्या बसवणारं गाणं. असा व्हिडिओ योग्य प्रशिक्षकाच्या मोबाइलवर पोहोचला की चांगल्या कॉलेजातला प्रवेश झालाच, असं खेळाडूंना वाटतं आणि पालकांनाही. यात दोन वेगवेगळे गैरसमज एकमेकांत मिसळले आहेत. एक, व्हिडिओवर निवड होते. दुसरा, व्हिडिओत फटकेच दिसायला हवेत. दोन्हींच्या मुळाशी एकच चूक आहे: व्हिडिओकडे जाहिरात म्हणून पाहणं. पाहणारा मात्र त्यात पडताळता येईल असा पुरावा शोधत असतो.

पहिल्या गैरसमजाचं उत्तर आपल्या व्यवस्थेतच आहे. महाराष्ट्रात शालेय खेळाडूची वाट 14, 17 आणि 19 वर्षांखालील गटांतून तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशी चढत जाते. अंबडच्या संघाला तालुक्यानंतर जालना, मग छत्रपती संभाजीनगर विभाग. महाविद्यालयात गेल्यावर आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, त्यातून डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा संघ आणि पुढे आंतरविद्यापीठ स्पर्धा. या प्रत्येक पायरीवर हाती प्रमाणपत्र येतं. दहावी-बारावीचे क्रीडा सवलतीचे गुण त्याच प्रमाणपत्रावर मिळतात आणि शासकीय नोकरीतलं खेळाडूंचं 5 टक्के आरक्षणही, तेसुद्धा क्रीडा विभागाने प्रमाणपत्राची पडताळणी केल्यावरच. दिल्ली विद्यापीठाच्या क्रीडा कोट्यातही प्रमाणपत्रं आणि मैदानावरची चाचणी यांना मोठं मोल असतं. यात रीलसाठी रकानाच नाही. मग चित्रीकरणाचा खटाटोप कशाला, असं कुणी म्हणेल. पण लांबच्या कॉलेजच्या प्रशिक्षकाला चाचणीआधी आपली ओळख करून द्यायला व्हिडिओ कामाचा आहे, आणि स्वतःचं पदलालित्य तपासायला त्याहून जास्त. निवडीत मात्र त्याचं काम ओळखीपुरतंच.

व्हिडिओ खरोखर पहिलं दार उघडतो तो अमेरिकेत. तिथला प्रशिक्षक अंबडला सामना पाहायला येणार नाही, म्हणून पहिली चाळणी चित्रफितीवरच होते. इथेही अर्धवट माहितीचा गोंधळ आहे. एनसीएए या तिथल्या महाविद्यालयीन क्रीडासंस्थेच्या पहिल्या विभागातल्या व्हॉलीबॉल प्रशिक्षकांना खेळाडू तिथल्या दहावीत असेल त्या वर्षानंतरच्या 15 जूनपर्यंत भरतीविषयी पत्रव्यवहार करता येत नाही. त्याआधी खेळाडू ईमेल पाठवू शकतो, पण फार तर एखादी प्रश्नावली परत येते. त्या मौनाला नकार समजून मुलं खचतात, ते निष्कारण. तिसऱ्या विभागातली कॉलेजं खेळासाठी शिष्यवृत्ती देतच नाहीत. त्यामुळे पैसे घेऊन ‘अमेरिकेत स्कॉलरशिपची हमी’ देणाऱ्याला कॉलेज कोणत्या विभागातलं, एवढा एक प्रश्न विचारला तरी पुष्कळ उलगडा होतो. आणखी एक गोष्ट आपल्याकडे क्वचितच सांगितली जाते. तिथे पहिल्या विभागात मुलींचे तीनशेहून अधिक संघ आहेत, मुलांचे त्या मानाने फारच थोडे. आपल्याकडे चित्रीकरणाचा उत्साह मात्र मुलांच्या सामन्यांनाच जास्त.

आता दुसरा गैरसमज, जो मला अधिक नुकसानकारक वाटतो. स्मॅश हा रॅलीचा शेवट असतो. चेंडू जमिनीवर आदळला हे दिसतं; तो का आदळला हे त्याआधीच्या तीन सेकंदांत घडलेलं असतं. सर्व्हिस घेताना खेळाडूचे पाय कुठे होते, पास सेटरपर्यंत नीट गेला का, सेटरने समोरचा ब्लॉक पाहून चेंडू कोणत्या टोकाला दिला, स्मॅशरने धाव कधी सुरू केली, हे प्रशिक्षकाला पाहायचं असतं. फटक्यापासून कापलेल्या तुकड्यात यातलं काहीच उरत नाही. 1998 साली आलेल्या लिबेरो या बचावापुरत्या खेळाडूला तर नेटच्या वरच्या उंचीवरून आक्रमणाची परवानगीच नाही; त्याचा सगळा खेळ चेंडू उचलण्यात आणि पास देण्यात. त्याने रील कशाची करायची? म्हणून सर्व्हिसपासून गुण संपेपर्यंतच्या पूर्ण रॅली ठेवाव्यात, आणि स्लो मोशन टाळावं, कारण त्यात हाताचा वेग कळत नाही. गाणं लावायला हरकत नाही, पण ते ऐकलं जाईल या भ्रमात राहू नये.

कॅमेऱ्याची जागा हा याच चुकीचा पुढचा भाग. टीव्हीवर सामना मुख्यतः बाजूने दिसतो, म्हणून आपणही बाजूच्या रेषेवर उभे राहून मोबाइल चेंडूमागे फिरवत बसतो. प्रशिक्षकाला हवा असतो मैदानाच्या शेवटच्या रेषेच्या मागून, थोड्या उंचीवरून घेतलेला स्थिर कॅमेरा: 18 बाय 9 मीटरचं सगळं मैदान चौकटीत, बारा जण दिसताहेत, ब्लॉकमधली फट दिसतेय. शाळेच्या पहिल्या मजल्याची गॅलरी योग्य बाजूला असेल तर ट्रायपॉडचाही खर्च नाही.

यावर हमखास आक्षेप येतो: ‘आमचं मैदान मातीचं, समोरचा संघ कच्चा, असला व्हिडिओ कोण बघणार?’ समोरचा संघ कच्चा असेल तर तडाखेबाज फटक्याचं मोल नक्कीच घटतं. पण धावेची पावलं, उडीची वेळ, चेंडूखाली जाण्याची सवय यांचा दर्जा प्रतिस्पर्ध्यावर फारसा अवलंबून नसतो. उलट याच कारणाने रॅली पूर्ण दाखवणं भाग पडतं. मातीचीही अडचण नाही. अडचण आहे ती सैल नेटची. नेट मध्ये लोंबत असेल तर मध्यम उडीही भलतीच उंच भासते, आणि अनुभवी नजरेला ते लगेच कळतं. मुलांसाठी 2.43 मीटर आणि मुलींसाठी 2.24 मीटर ही वरिष्ठ गटाची उंची टेपने मोजून, मोजतानाचं दृश्यच सुरुवातीला जोडलं तर पुढच्या प्रत्येक उडीला आधार मिळतो. आपल्या भागात जोरात खेळला जाणारा शूटिंगबॉल हा वेगळा खेळ आहे. त्यातले तुकडे व्हॉलीबॉलच्या नावाखाली जोडले तर उरलेल्या व्हिडिओवरचाही विश्वास उडतो.

चुका दाखवायच्या का, यावर मतभेद होतील. सगळेच आपलं चांगलं तेवढं पाठवतात, मग आम्हीच का प्रामाणिक राहायचं, हा प्रश्न चुकीचा नाही. तीन-चार मिनिटांच्या संकलनात चांगल्या रॅली पुढे ठेवणं हा सर्वमान्य रिवाज आहे, त्यात फसवणूक नाही. फक्त खाली एका पूर्ण, न कापलेल्या सामन्याची लिंक हवी. संकलन आवडलं की प्रशिक्षक तिकडे वळतो आणि चुकीनंतरच्या पुढच्या सर्व्हिसला खेळाडू कसा उभा राहतो हे पाहतो. त्यासाठी आधी खेळाडू ओळखू यायला हवा: जर्सीचा क्रमांक, खेळण्याची जागा, उंची, धाव घेऊन उडी मारल्यावर हात पोहोचतो ती उंची आणि बारावीचं वर्ष पहिल्याच चौकटीत द्यावं. संपर्कासाठी खेळाडूचा, विशेषतः अल्पवयीन मुलीचा, खासगी नंबर उघड व्हिडिओवर टाकू नये. पालकांचा किंवा क्रीडाशिक्षकांचा ईमेल पुरतो.